बारा मिलिमीटर

शनिवारी सकाळी मोरॅगची नवी गाडी फाटकातून आत आली, तेव्हा डगल्डने वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही. कान मात्र दिला.

"मागचा नट," तो म्हणाला.

"काय?" एल्स्पेथ बटाटे सोलत होती.

"कार्ब्युरेटरचा मागचा नट ढिला आहे. हवा ओढतोय. शिट्टी ऐकू येत नाही तुला?"

"मला मुलगी आलेली ऐकू आली. बाहेर जा की जरा."

"गाडी बंद झाली की जातो."

गाडी बंद झाली. डगल्डने पान उलटलं.

एल्स्पेथ सुरी घेऊनच खिडकीशी गेली. अंगणात गोठलेलं दव अजून पांढरंच होतं आणि त्या पांढऱ्यावर ती पिवळी जपानी गाडी अशी उभी होती, की चुकून दुसऱ्याच्या लग्नाला आलेली वाटावी. मोरॅग उतरली. कोट हातात. गिलख्रिस्टांच्या घरातलं माणूस जूनच्या ऐन हिवाळ्यात गाडीतून उतरताना कोट हातात धरतं, हे रिव्हर्टनमध्ये कोणी पाहिलं नव्हतं.

"कोट काढून आलीय," एल्स्पेथ म्हणाली.

"दाखवायला," डगल्ड वर्तमानपत्रामागून म्हणाला.

तीन आठवड्यांपूर्वी मोरॅगने फोनवर सांगितलं होतं, की तिने हिलमन, म्हणजे तिची जुनी इंग्लिश गाडी, विकली. डगल्डने "बरं" म्हणून फोन बायकोच्या हातात दिला होता आणि शेडमध्ये जाऊन बसला होता. त्याचं दुःख वरवर पाहणाऱ्याला कळलं नसतं. या घरात सगळ्यांच्या गाड्या हिलमनच, हा नियम त्याने पंचावन्न सालीच घातला होता. नवी गाडी मिळवणं तेव्हा सोपं नव्हतं. जुनीच वीस वर्षं चालवायची आणि चालवायची म्हणजे घरीच दुरुस्त करायची. तिघांच्या गाड्या एकाच जातीच्या असल्या, तर हत्यारं एकदाच बनवली की झालं. मांस गोठवण्याच्या कारखान्यात तो फिटर होता. जेवणाच्या सुट्टीत, मोडक्यातोडक्या लोखंडातून, त्याने ती हत्यारं बनवली. लोखंड नसेल तिथे एल्स्पेथचं स्वयंपाकघर होतं. क्लचची चकती मध्यावर बसवायला तिच्या झाडूचा दांडा तासला गेला. पिस्टनच्या कड्या आवळून धरायला पाकाचा डबा कापला गेला. ब्रेकमधली हवा काढायला तिची मुरंब्याची बरणी आणि रबरी नळी गेली, आणि विणायच्या दोन सुया कार्ब्युरेटरची भोकं साफ करायला गेल्या त्या अजून परत आलेल्या नाहीत.

एल्स्पेथने कुरकुर केली होती, पण फार नाही. कारण महिन्यातून एका शनिवारी मुलं गाड्या घेऊन यायची. पान्यासाठी यायची आणि मटणासाठी थांबायची. आता मोरॅगची बदली दूर टे आनाउला झाली होती. सोमवारपासून तिथल्या सगळ्या खोऱ्याची ती एकटी नर्स. आणि गाडी जपानी, तिचे नट इंचांचे नाहीत, मिलिमीटरचे. शेडमधला एकही पाना तिला लागणार नव्हता. म्हणजे मोरॅगला तरी इथे यायला कारण काय राहिलं? डगल्ड तीन आठवडे याच प्रश्नाभोवती फिरत होता. तोंडाने तो एवढंच म्हणत होता, की जपान्यांचा पत्रा पातळ असतो.

*

मोरॅगचा भाऊ रॅम्से आणि त्याची बायको नोला बाराला आले. नोलाने गुडघ्यांवरची घोंगडी काढून घडी घातली, बधिर झालेले पाय बुटांसकट जमिनीवर दोनदा आपटले आणि पिवळ्या गाडीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

जेवताना पहिला घाव रॅम्सेने घातला. तो बेचाळीस वर्षांचा होता, विमा कंपनीत होता आणि थोरला होता. या तिन्ही गोष्टी तो कधी विसरत नसे.

"काय मोरॅग, या जपानी पाहुणीला खायला काय घालतेस? भात?"

"पेट्रोल. तुझ्या गाडीच्या निम्मं."

"आणि बिघडली तर? टोकियोला तार करणार?"

"बिघडत नाही."

"मागचा नट ढिला आहे," डगल्ड ताटाकडे बघत म्हणाला.

"बघ!" रॅम्से खूश झाला. "मला एक सांग, हिलमनला काय झालं होतं? बाबांनी दर महिन्याला तपासलेली गाडी."

मोरॅगने सलगमाचा तुकडा काट्याने दोनदा फिरवला. हिलमनला काय झालं होतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. गेल्या ऑगस्टात, पहाटेच्या गोठलेल्या दवात, ती चालू झाली नव्हती. पाऊण तास हँडल मारून मोरॅग एका बाळंतपणाला पोचली, तेव्हा बाळ जगात येऊन रडूनही शांत झालं होतं. बाळ ठीक, आई ठीक. पण पोचेपर्यंतचे ते मैल तिने कसे काढले, ते तिलाच ठाऊक. आदल्याच शनिवारी बाबांनी ती गाडी स्वतः तपासून दिली होती. हे आत्ता टेबलावर ठेवलं असतं तर वाद तिथेच संपला असता. बाबाही संपले असते.

"काही नाही झालं," ती म्हणाली. "मला पिवळा रंग आवडला."

"रंग!" रॅम्सेने आईकडे पाहिलं. "रंगासाठी घर सोडलं हिने."

"हीटर पण आहे," मोरॅग म्हणाली.

"कोट असतो माणसाला," डगल्ड म्हणाला.

नोलाने काटा खाली ठेवला. "खरंच पाय गरम होतात?"

"बूट काढून ठेवावे लागतात, नोला."

"बूट," नोला हळूच म्हणाली. चौदा वर्षांच्या संसारात जूनमध्ये तिने गाडीत बूट काढले नव्हते.

"नोला, तू तिला चढवू नकोस," रॅम्से म्हणाला.

"मी फक्त विचारलं."

"त्या नटाचं म्हणाल तर बाबा, तुम्ही त्रास घेऊ नका," मोरॅग म्हणाली. "उद्या जाता जाता रस्त्यात एखाद्या गॅरेजमध्ये–"

शब्द तोंडातून निघाला आणि तिला कळलं. या टेबलावर तो शब्द कोणी उच्चारत नसे. एल्स्पेथने रश्श्याचं भांडं उगाच सरळ केलं. रॅम्सेला नेमका त्याच वेळी बटाटा घशात अडकला आणि तो इतका खोकला की नोलाने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. जरुरीपेक्षा दोन जास्तच.

डगल्डने ताट सारलं. "रविवारी कुठलं गॅरेज उघडं असतं? आणि रविवारी या घरात हत्याराला हात लागत नाही. पाचला अंधार पडेल. पोटं भरली असतील तर उठा."

*

डगल्डने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ हात मागे बांधून उभा राहिला, एखाद्या अनोळखी घरात चहाला बोलावल्यासारखा.

"स्वच्छ आहे," तो शेवटी म्हणाला. ते कौतुक होतं की तक्रार, हे मोरॅगला ठरवता येईना.

त्याने आधी पाऊण इंची पाना घेऊन खालच्या एका मोठ्या नटावर टेकवून पाहिला. तो एकोणीस मिलिमीटरच्या नटावर अगदी चपखल बसला. डगल्डला ते आवडलं नाही. त्याने पाना काढून पुन्हा लावला. पुन्हा बसला.

"चुकून जमलं असेल त्यांना," रॅम्से म्हणाला.

कार्ब्युरेटरच्या मागचा नट मात्र बारा मिलिमीटरचा होता आणि अशा कोपऱ्यात, की हात गेला तर नजर जात नाही. अर्ध्या इंचाचा पाना त्यावर सैल झाला. डगल्डने पाकाच्या डब्याची पत्र्याची पट्टी कापली, पान्याच्या जबड्यात पाचरीसारखी घातली आणि कोपर वाकडं करून आत शिरला. पट्टी सुटली आणि इंजिनाच्या पोटात कुठेतरी टिंग करून पडली. दुसरीही पडली. तिसरीच्या वेळी डगल्डने असा एक शब्द उच्चारला, की त्याच्यासारख्या चर्चच्या वडीलधाऱ्याने तो उच्चारू नये.

"ऐकलं मी!" एल्स्पेथ स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पाद्री आण," डगल्डने मोरॅगला सांगितलं.

पाद्री म्हणजे शेडच्या भिंतीवरचा तो वाकडा पाना. हंसाच्या मानेसारखा दोनदा वळवलेला, टोकाला साडेतीन सुतांचा, म्हणजे अर्ध्या इंचाहून जरा लहान जबडा. बोलावलं नसताना नेमका जेवणाच्या वेळी घरात शिरणाऱ्या पाद्र्यासारखा तो कुठल्याही कोपऱ्यात शिरतो, म्हणून त्याचं नाव पाद्री. हिलमनच्या कार्ब्युरेटरमागे जाणारा तोच एक. डगल्डने तो आत घातला. मान बरोबर वळली, जबडा नटापाशी पोचला आणि तिथे थांबला.

"लहान पडतो," मोरॅग म्हणाली. "मिलिमीटरभर."

"मिलिमीटरला कमी," डगल्ड म्हणाला. "माझ्या डोळ्याला अजून कळतं."

मग तो शेडमध्ये गेला, पाद्रीला टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरलं, हँडल आवळलं आणि खणातून चपटी कानस काढली.

"बाबा!" रॅम्से मागोमाग धावला. "काय करताय?"

"जबडा मोठा."

"पण मग तो हिलमनला कसा बसेल? आपल्या तिघांचा आहे तो."

"दोघांचा. हिची गेली."

"दोघांचा म्हणू या! माझ्या कार्ब्युरेटरचं काय?"

"बाबा, नका," मोरॅगही म्हणाली. "मला नाही चालणार. दुसरा बनवता येईल ना?"

"कशाने? कारखान्याची भट्टी होती तेव्हा बनवला. तुटलेल्या दांड्याचं लोखंड होतं ते. आता भट्टी नाही, दांडा नाही आणि घणाला माझा खांदा नाही. आहे तो हा एकच."

रॅम्सेचा आवाज चढला. त्याचं त्यालाही नवल वाटलं असावं. भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा लाल रंगाने काढलेली होती. लहानपणी तो त्या रेषांकडे पाहत असे आणि ठरवत असे, की एक दिवस हे सगळं आपलं होईल आणि आपण एकही रेषा रिकामी राहू देणार नाही. हत्यार कसं वापरायचं, एवढं मात्र तो शिकायचा राहून गेला.

"एका जपानी गाडीसाठी घरातलं हत्यार मोडायचं? जिने नियम मोडला तिच्यासाठी? आणि मी इतकी वर्षं–"

"इतकी वर्षं काय, रॅम्से?" दारातून नोला म्हणाली.

ती गोड आवाजात म्हणाली. रॅम्सेला तो आवाज ओळखीचा होता आणि नको होता.

"नोला, आत जा, थंडी आहे."

"थंडीची मला सवय आहे. तू पाद्री शेवटचा कधी वापरलास?"

"मागच्याच महिन्यात नेला होता. दाराजवळच्या उसनवारीच्या पाटीवर नाव आहे माझं."

"नेला होतास. वापरला कोणी?"

डगल्डने कानशीवर फुंकर मारली.

"मी विचारणार होतोच," तो सावकाश म्हणाला. "माझी हत्यारं तुझ्याकडून परत येतात ती नेली होती त्याहून स्वच्छ असतात. तीन वर्षं झाली. मला वाटलं, नोला भांड्यांबरोबर घासत असेल."

"मी नाही हो, बाबा."

रॅम्सेने टाय सैल केला. शनिवारीही तो टाय घालत असे. "इन्व्हरकार्गिलला एक माणूस आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गॅरेजवाला. चांगला आहे. मी हत्यारं डिकीत ठेवतो आणि... पुसून परत आणतो."

मोरॅगने ओठ आवळून धरले, पण हसू नाकातून बाहेर पडलं.

"हस," रॅम्से म्हणाला. "मनसोक्त हस."

"त्याची बायको आमच्या महिला मंडळात आहे," चहाचा ट्रे घेऊन आलेली एल्स्पेथ म्हणाली. "चीज रोल गरम आहेत, खाऊन घ्या. ती म्हणते, तुमचा रॅम्से फार सभ्य गिऱ्हाईक."

"आई! तुला ठाऊक होतं?"

"मला दोन वर्षांपासून. तुझ्या बाबांना तीन."

"मग कोणी बोललं का नाही?"

"तूच सांग ना," एल्स्पेथ म्हणाली. "गाडी तिकडे दुरुस्त होत होती, तर दर महिन्याला इकडे कशाला आणायचास?"

रॅम्सेने एक चीज रोल उचलला आणि तो न खाता हातातच धरला.

"मग काय, नुसतंच यायचं?" तो म्हणाला. "काही काम नसताना? बाबांनी विचारलं असतं, का आलास म्हणून, तर काय सांगणार होतो?"

डगल्डने कानस टेबलावर ठेवली. त्याला बहुधा खरोखरच हे सुचलं नव्हतं, की उत्तराची वाट न पाहता तो हा प्रश्न इतकी वर्षं दारातच विचारत आलाय. मोरॅगने बापाकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या लाल रेषांकडे बघत होता. पण हत्यारं मोजत असावा असं वाटत नव्हतं.

"ये इकडे," तो रॅम्सेला म्हणाला. "कानस धर."

"मी?"

"तू. टाय काढ आधी, नाहीतर तोही घासला जाईल. दोन्ही हात. पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. करवत नाही ती."

रॅम्सेने बेचाळिसाव्या वर्षी कानशीचा आयुष्यातला पहिला हात लोखंडावर मारला. कानस किंचाळली.

"देवा," एल्स्पेथ म्हणाली. "डुकराला मारताहेत असं शेजाऱ्यांना वाटेल."

"तिरकी धर. हां. दहा हात या बाजूला, दहा त्या बाजूला. मग थांबून नटावर बघायचं."

दहा आणि दहा. मोरॅग डिकीतून आणलेला तेवढ्याच मापाचा सुटा नट घेऊन उभी होती. प्रत्येक वेळी ती तो जबड्याशी टेकवायची आणि मान हलवायची. नोलाने रॅम्सेचा कोट आपल्या अंगावर घातला आणि एका उलट्या बादलीवर बसून त्याला सल्ले द्यायला लागली. लोखंडाचा करडा कीस टेबलावर साचत गेला. रॅम्सेच्या कपाळावर घाम आला.

"जबड्याचा उजवा गाल जास्त खाल्लास," डगल्ड म्हणाला.

"कुठे?"

"बोट फिरव. डोळ्याने नाही, बोटाने."

रॅम्सेने बोट फिरवलं. त्याचा चेहरा बदलला. "खरंच की. लागतंय हाताला."

"मग आता डावीकडे." आणि मग मोरॅगकडे न बघता, त्याच आवाजात डगल्ड म्हणाला, "गेल्या ऑगस्टात तुझ्या तळहातावर फोड होते. हँडल मारून येतात तसे."

मोरॅगच्या हातातला नट तसाच राहिला. "मी काही बोलले नव्हते."

"मीही नाही." त्याने गळ्यातल्या रुमालाने नाक पुसलं. "दवाने ठिणगीची कॉइल दमट व्हायची. मला कळायला हवं होतं. त्या पहाटे बाळंतपण होतं, एवढं कानावर आलं होतं. बाई वाचली ना?"

"वाचली. मुलगा झाला. माझी वाट न बघता."

"शहाणा," डगल्ड म्हणाला. "हीटर खरंच चालतो?"

"चालतो, बाबा."

"तिकडे दव फार पडतं. बरं झालं." आणि मग जरा मोठ्याने, "रॅम्से! थांब! पुरे! अजून दोन हात मारशील तर ट्रॅक्टरला लावावा लागेल."

नट जबड्यात बसला. किंचित तिरका, पण घट्ट.

*

पाचला दहा मिनिटं कमी असताना मोरॅगने तो नट आवळला. डगल्डने नुसता कंदील धरला. आत हात त्याने घातला नाही. इंजिन चालू केलं तेव्हा शिट्टी गेली होती. राहिली ती एक मऊ, एकसारखी घरघर. डगल्डने झाडूच्या दांड्याचा उरलेला तुकडा कानाला लावून दुसरं टोक इंजिनावर टेकवलं आणि डोळे मिटले.

"काय म्हणते?" एल्स्पेथने विचारलं.

"भाषा कळत नाही," तो म्हणाला. "पण रागावलेली नाहीये."

नोला त्याआधीच पुढच्या सीटवर जाऊन बसली होती, बूट काढून. दाराची काच वर केलेली होती आणि रॅम्सेने दोनदा टकटक करूनही ती खाली येत नव्हती.

डगल्डने बॉनेट लावलं. दणकन नाही, दोन्ही तळवे ठेवून, हळू. मग कापडाला हात पुसत तो म्हणाला, "हा नट असा आहे, की सारखा ढिला होतो. जागाच तशी. दर तीन आठवड्यांनी बघायला लागेल."

रॅम्सेने तोंड उघडलं. दुपारभर लोखंड घासून त्याला एवढं नक्की कळलं होतं, की असा आवळलेला नट तीन आठवड्यांत हलत नाही. एल्स्पेथने त्याच्या हातातला अर्धा चीज रोल त्याच्या तोंडाकडे ढकलला.

गाडीचं माहितीपुस्तक मोरॅगने तीनदा वाचलं होतं. तो नट वर्षातून एकदा तपासायचा, असं त्यात चित्रासकट दिलेलं होतं.

"तीन आठवडे?" ती म्हणाली. "बाबा, तिकडचा रस्ता सगळा खडीचा आहे."

"खडीचा आहे," डगल्डने मान्य केलं.

"मग दोन ठेवू या."

डगल्डने विचार केल्यासारखं केलं. "दोन बरे. जोखीम नको."

"दोन," एल्स्पेथ म्हणाली. "मटणाचं मी बघते."

"आणि पाद्री?" मोरॅगने हात पुढे केला. "मी बरोबर नेते म्हणजे वाटेत लागला तर असेल."

"नाही," डगल्ड म्हणाला आणि पाना कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "तो इथेच राहील. त्याला बाहेरची हवा मानवत नाही."